जीर्णोद्धार की झाकपाक?

आमच्या अंगणातील चिंचेखाली बरीच वर्षे एक पिकअप उभी असे. टाटा २०७ जातीची, निळ्या रंगाची. वडिलांनी ती घेतली त्या दिवशी घरी पेढे वाटले गेले, फादरांनी प्रार्थना करून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले आणि दुसऱ्याच पहाटे केळीचे घड, भाजीच्या जुड्या व फुलांच्या पाट्या घेऊन ती वसईहून दादरच्या वाटेला लागली. पुढे सोळा वर्षे तिने ती वाट सोडली नाही. तिच्या हौद्यातून वाडीतला माल गेला, तशी गावच्या सणाची मांडवाची सामग्री गेली आणि शेजारच्या बाळंतिणीही इस्पितळात पोहोचल्या. मग वडील प्रभूघरी गेले, वाडी आखडली, आम्हा भावंडांचे उद्योग बदलले आणि पिकअप उभी राहिली.

उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. समुद्रावरचा खारा वारा आणि वैशाखाचे ऊन यांनी दोन-तीन वर्षांत तिचे रूप पार उतरवले. जाळीवरील कंपनीची मुद्रा मळकट झाली, फाळक्यावरील अक्षरांचा रंग उडाला, काळे बंपर राखेसारखे पांढुरके पडले. केबिनच्या कपाळावर वडिलांनी हौसेने रंगवून घेतलेला क्रूस जेमतेम ओळखू येई. अखेर गाडी विकावी असे घरात ठरले. मोठे बंधू म्हणाले, ‘‘विकण्याआधी जरा उजळून घेऊ. चार पैसे जास्त येतील.’’ यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. आम्हालाही नाही. वाद उद्भवला तो पुढे, आणि तो गाडीपुरता राहिला नाही. म्हणूनच तो येथे मांडावासा वाटतो.

प्रथम त्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रश्न त्या कामातूनच निघाला. गॅरेजवाल्यांच्या बोलीत कंपनीच्या मुद्रेला ‘मोनोग्राम’ म्हणतात आणि गाडीच्या अंगावरून आडव्या जाणाऱ्या पट्टीला ‘बीडिंग’. मोनोग्राम बहुधा प्लास्टिकचा असतो व त्यावर धातूचा मुलामा असतो: तळाशी तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोम. हा वरचा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. ज्या झळाळीचे श्रेय आपण क्रोमला देतो ती पुष्कळशी खालच्या निकेलची असते. क्रोम तिचे फक्त राखण करतो. काळ्या प्लास्टिकची कथा निराळी. उन्हातील अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर कुजतो व भुकटीसारखा सुटू लागतो. त्यावर तेल फासले तर ते दोन दिवस काळेभोर दिसते आणि पहिल्या सरीत पुन्हा पांढरे पडते. ते खरोखर सुधारायचे असेल तर साबणाने धुवून, बारीक पॉलिश पेपरने तो मेलेला थर घासून काढूनच नवा रंग द्यावा लागतो.

आम्ही हे काम घरीच आरंभले. केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन अक्षरांमागचा डिंक मऊ केला, मासेमारीचा तंगूस त्यांच्यामागून करवतीसारखा ओढला आणि एकेक अक्षर सोडवले. खोलगट भागांत सुईच्या टोकाने इनॅमल भरले. उंच कडांवर सांडलेला रंग ओला असतानाच, पुठ्ठ्यावर ताणून गुंडाळलेल्या फडक्याने पुसला. चार संध्याकाळी त्यात गेल्या. फाळक्यावरून अक्षरे निघाली तेव्हा त्यांच्या जागी मूळ गडद निळा रंग जसाच्या तसा दिसला. भोवतालचा पत्रा उन्हाने फिकटला होता, पण अक्षरांच्या सावलीतला रंग खरेदीच्या दिवसासारखा ताजा होता. अक्षरे नसतानाही नाव वाचता येत होते! आई ते पाहून बराच वेळ उभी राहिली. चार संध्याकाळच्या त्या श्रमांत विक्रीचा विचार मागे पडला होता, हे मान्य केले पाहिजे. ज्या वस्तूने घर पोसले तिचे नाव पुन्हा वाचता यावे, एवढीच इच्छा हातांत उरली होती. अशा इच्छेला कृतज्ञता म्हणावे, आणि कृतज्ञता ही भक्तीची सख्खी बहीण आहे.

मग बीडिंगची पाळी आली. हौद्याच्या कडेची ती पट्टी वडिलांनी बाजारातून आणून स्क्रूने बसवून घेतली होती. ती काढताच तांबूस भुकटी खाली गळली. स्क्रूंच्या छिद्रांतून वर्षानुवर्षे पावसाचे पाणी आत झिरपले होते. आम्ही त्या ओघळाचा माग काढीत गाडीखाली गेलो, तेव्हा हौदा ज्या आडव्या पट्ट्यांवर चासीला बांधलेला असतो त्यांतील एक पट्टी इतकी कुजलेली आढळली की स्क्रूड्रायव्हरचे टोक तिच्यातून आरपार गेले.

गॅरेजमधील पेंटर अनुभवी माणूस. त्याने पाहिले आणि सहजपणे सांगितले, ‘‘पुट्टी भरतो, खालून काळा रंग मारतो, वर नवी बीडिंग लावतो. कोणाला कळायचं नाही.’’ पट्टी कापून नवी जोडण्याचा खर्च त्याने सांगितला, तो ऐकून बंधू गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आरटीओने फिटनेस दिलेच होते ना? आणि जुनी गाडी घेणारा काय डोळे मिटून घेतो? हल्ली सगळेच असं करतात.’’

वाचकहो, प्रश्न येथे उभा राहतो. चार संध्याकाळी आम्ही जे केले आणि पेंटर जे करू म्हणत होता, त्यांत फरक कोणता? दोन्हींकडे रंगच होता. दोन्हींमुळे जुने नवे दिसणार होते. पहिले काम पुण्याचे आणि दुसरे पापाचे, असे कोणत्या आधारे म्हणावे?

काही कर्मठ मंडळी सांगतील की बाह्य रूप उजळणे हेच मुळी दांभिकपणाचे. चुन्याने सफेद केलेल्या कबरींचा दृष्टान्त (मत्तय २३:२७) ते पुढे करतील. परंतु प्रभूने त्या ठिकाणी चुन्याचा निषेध केलेला नाही. आत जे आहे त्याच्या नेमके उलट बाहेर दाखवण्याचा निषेध केला आहे. एरवी उपवास करताना तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, असे त्यानेच सांगितले (मत्तय ६:१७). नाताळाआधी आपण घराला रंग देतो, मे महिन्यात गावच्या क्रुसाला नवा चुना लागतो, लग्नाच्या दिवशी गरिबातला गरीबही इस्त्रीचे कपडे घालतो. यांत असत्य नाही. वस्तूला तिची शोभा परत देणे हा तिचा सन्मान आहे, आणि मळकटपणा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे.

तर मग रेषा कोठे आखायची? या बाबतीत आम्हाला तेराव्या शतकातील एका साधूने वाट दाखवली. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगितलेच पाहिजेत काय, असे ते विचारतात. ज्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो गुप्त असेल तर सांगणे बंधनकारकच आहे, असे त्यांचे उत्तर आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, पडायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे, ही त्यांचीच उदाहरणे. मात्र दोष उघड असेल आणि किंमत त्या मानाने उतरवलेली असेल, तर तो मुद्दाम बोलून दाखवण्याची सक्ती नाही. घोडा एकाक्ष असेल तर ते कोणालाही दिसतेच!

हा एकाक्ष घोडा आमच्या मनात घर करून राहिला. कारण आमच्या ध्यानात आले की रंगाचा कुंचला एक विलक्षण गोष्ट करू शकतो: तो उघड दोषाला गुप्त दोष बनवतो. गंज दिसत होता तोवर तो आमच्या वतीने घेणाऱ्याशी बोलत होता. आम्ही गप्प राहिलो असतो तरी ती तांबूस भुकटी गप्प राहिली नसती. पुट्टी भरली की तिचे तोंड बंद होते आणि बोलण्याची जबाबदारी आमच्यावर येते. एकाक्ष घोड्याला काचेचा डोळा बसवणाऱ्याने ‘हा काचेचा आहे’ असे सांगितलेच पाहिजे. सांगायचे नसेल, तर बसवू नये. फिकटलेल्या अक्षरात रंग भरल्याने घेणाऱ्यापासून काहीच लपत नव्हते. गाडी जुनी आहे हे तिच्या कागदांवर होतेच. कुजलेल्या पट्टीवर रंग मारल्याने मात्र टनभर माल वाहणाऱ्या माणसाचा जीव लपत होता.

कायद्याचा आधार येथे अपुरा पडतो. फिटनेस मिळाले त्या दिवशी गाडी कशी होती, एवढेच तो दाखला सांगतो. मालकीबदलासाठी आरटीओत नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. त्यांत चासीचा क्रमांक असतो, नावपत्ता असतो, पण ‘या गाडीतील जे दोष मला ठाऊक आहेत’ असा रकाना नसतो. तो रकाना सदसद्विवेकबुद्धीने भरायचा असतो. मानवी कायद्याला सद्गुणाविरुद्धची प्रत्येक गोष्ट रोखता येत नाही, देवाच्या कायद्यातून मात्र काहीच सुटत नाही, हेही संत थॉमस यांनी त्याच प्रकरणात नोंदवले आहे. आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवी आज्ञा पाठ केली ती दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यापुरती, असा आपला समज असतो. पण १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात या आज्ञेखाली व्यवहारातील लबाडीबरोबर वाईट रीतीने केलेले कामही मोडते. पुट्टीखाली गंज दडपणारे काम त्याहून वेगळे काय?

कलाकृतींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनीही याच प्रश्नाशी झुंज दिली आहे. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे तज्ज्ञांनी एक सनद तयार केली. जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि गळून गेलेल्या भागाच्या जागी नवे बसवताना ते मुळाशी मेळ खाणारे पण मुळाहून वेगळे ओळखू येणारे असावे, असा तिचा आशय आहे. रोमच्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेत चित्रातील गळलेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरण्याची पद्धत विकसित झाली. दुरून पाहणाऱ्याला चित्र अखंड दिसते. जवळ जाणाऱ्याला मूळ कोणते व भरलेले कोणते हे स्पष्ट कळते. सौंदर्यही राखले गेले आणि सत्यही! याउलट २०१२ साली स्पेनमधील बोर्खा गावी एका वयोवृद्ध भाविक स्त्रीने चर्चमधील काट्यांच्या मुकुटातील ख्रिस्ताच्या भित्तिचित्रावर स्वतःच्या अंदाजाने रंग चढवला आणि प्रभूचा चेहराच हरवला. तिचा हेतू भक्तीचा होता. हेतू शुद्ध असला तरी मर्यादा पाळावी लागते, हे त्यावरून शिकावे.

या सनदेचा धडा आम्हाला आमच्याच केबिनवर गिरवावा लागला. क्रुसाखाली एक ओळ रंगवलेली होती. तिची दोन-तीन अक्षरेच शिल्लक होती. बंधू म्हणाले, ‘‘संत अंतोनीचे नाव होते.’’ बहीण म्हणाली, ‘‘आजीचे होते.’’ आई म्हणाली, ‘‘मला आठवत नाही.’’ क्रुसाच्या कडा स्पष्ट होत्या, म्हणून क्रूस उजळला. ती ओळ आम्ही तशीच सोडली. बाजारात दुसराही मोह होता. अधिक ताकदीच्या, अधिक किमतीच्या गाड्यांचे मोनोग्राम दुकानांत सुटे विकत मिळतात. पुष्कळजण ते साध्या गाडीला लावतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. पण मुद्रा म्हणजे केवळ दागिना नव्हे. ती एक विधान करते. जी ताकद इंजिनात नाही तिचे नाव फाळक्यावर लावणे ही मूक असली तरी खोटी साक्ष आहे, आणि तिचे स्थान आठव्या आज्ञेत आहे.

वाईजवळील मेणवली येथे घाटावरील मंदिरात एक मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा देशावर गेल्या त्यांतील ती एक, असे सांगतात. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. घंटा परक्या दैवतासमोर वाजू लागली, तरी कोणी ती आकृती घासून काढली नाही आणि तिच्या जागी दुसरी कोरलीही नाही. वस्तूला तिचे खरे उगमस्थान सांगू द्यावे, एवढा उदारपणा जेत्यांनीही दाखवला. मग आपल्याच वस्तूंच्या बाबतीत आपण इतके भित्रे का असावे?

खरे तर आपण केवळ गाड्याच अशा रीतीने उजळत नाही. घराण्याचे नाव उजळतो, संस्थांच्या स्मरणिका उजळतो, स्वतःच्या आयुष्याची कहाणी सांगताना तीही उजळतो. मुलाचे लग्न जमवताना त्याचे व्यसन पुट्टीखाली जाते. जमिनीच्या वाटणीत बहिणीवर झालेला अन्याय ‘आमच्या घरात कधी भांडण नाही’ या चकचकीत बीडिंगमागे दडतो. आणि गंजाचा स्वभाव असा की त्याला झाकण मिळाले की तो अधिक जोमाने वाढतो. कारण झाकणाखाली ओल टिकते आणि वारा लागत नाही. जे बीडिंगने आमच्या हौद्याचे केले तेच प्रतिष्ठा अनेक घरांचे करते.

ख्रिस्तसभेने आपल्याला निराळी रीत शिकवली आहे. महाजयंती वर्षात, १२ मार्च २००० रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात मिस्सा अर्पण करताना ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ज्या वर्षी मुद्रा झळकवायची त्याच वर्षी त्यांनी पट्टी उघडून गंज दाखवला. त्यामुळे ख्रिस्तसभा लहान झाली असे कोणी म्हणेल काय? आपला प्रायश्चित्त संस्कार तरी काय आहे? तेथे कोणी आपल्यावर रंग मारून देत नाही. आधी आपल्या हाताने पट्टी काढायची, मग कुजलेले दाखवायचे, आणि मगच दुरुस्तीला आरंभ.

या सर्व कठोर विचारात एक मोठा दिलासाही आहे. बाप्तिस्म्याने आत्म्यावर न पुसली जाणारी मुद्रा उमटते, ती कोणत्याही पापाने नाहीशी होत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. फाळक्यावरून अक्षरे निघाली तरी त्यांच्या जागचा मूळ निळा रंग तसाच होता, तो पाहताना आम्हाला या श्रद्धेची आठवण झाली. ज्याचे नाव मुळातच पुसले जात नाही त्याला स्वतःचे दोष दाखवण्याची भीती कशाला वाटावी? जो केवळ वरच्या मुलाम्यावर जगतो त्यालाच ओरखड्याचे भय.

शेवटी काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. कुजलेली पट्टी बदलण्याइतके पैसे आम्ही त्या वेळी उभे करू शकलो नाही. तेवढा खर्च करणे बंधूंना पटलेही नाही. मधला मार्ग असा निघाला की अक्षरे, मोनोग्राम आणि क्रूस उजळलेले राहावेत, हौद्याची कड मात्र उघडी ठेवावी. पहिली दोन गिऱ्हाइके गाडीखाली वाकून पाहताच निघून गेली. तेव्हा आम्हीही मनातून डळमळलो, हे लपवण्यात अर्थ नाही. पेंटरचे शब्द पुन्हा कानांत घुमू लागले होते. तिसरा आला तो भाजीचा धंदा नव्याने सुरू करणारा एक तरुण, बायकोला घेऊन. तो आधी जाळीवरच्या मोनोग्रामवरून बोट फिरवत राहिला. त्याचे डोळे चमकले होते आणि त्या क्षणी त्याला काहीही विकता आले असते.

बंधूंनीच त्याला खाली वाकायला सांगितले. ‘‘ही पट्टी गेली आहे. बदलल्याशिवाय माल भरू नका,’’ असे म्हणून त्यांनी दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केला. ते का बदलले हे आम्ही त्यांना विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. तरुणाने विचारले, ‘‘हे तुम्ही स्वतःहून का सांगता?’’ बंधू म्हणाले, ‘‘गाडी वडिलांची आहे.’’

गाडी गेली. अपेक्षेपेक्षा बरेच कमी पैसे आले आणि घरात त्याची हळहळही झाली. पुढे एकदा पहाटे स्टेशनच्या रस्त्याला ती आम्हाला दिसली. हौद्यात मेथीच्या जुड्या रचलेल्या होत्या, खालची नवी पट्टी अजून रंगवलेली नव्हती, आणि फाळक्यावरची अक्षरे दुरूनही वाचता येत होती.